शेळ्यांच्या कळपाची टीबी चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेळीपालक टीबीच्या चाचणीबद्दल जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सगळी सारख्या लांबीची नाहीत. जिथे घोळ जास्त होतो तिथे जास्त लिहिलं आहे.

शेळीला टीबी होतो का? आम्ही तर ऐकलंय की शेळीला होतच नाही.

होतो. ‘शेळीला क्षय होत नाही’ हा समज गावागावांत आहे. शेळीत तो गाईम्हशींपेक्षा कमी सापडतो हे खरं, पण त्याचं एक कारण असंही आहे की कुणी शोधतच नाही. शेळी वाळत गेली की बाजारात जाते किंवा मरते. फुप्फुस उघडून बघायला कुणाला सवड असते?

गाईगुरांच्या टीबीचा जंतू मायकोबॅक्टेरियम बोव्हिस शेळीला होतो. माणसाच्या टीबीचा जंतूही क्वचित होतो. स्पेनमध्ये तर शेळ्यांमध्ये इतका टीबी सापडला की तिथल्या जंतूची वेगळी ओळख पटली, आणि १९९९ मध्ये त्याला शेळीवरूनच ‘कॅप्री’ हे नाव मिळालं. शेळीचं फुप्फुस या रोगात बऱ्याचदा माणसासारखंच पोखरतं. आत पूसारखा द्रव भरलेल्या पोकळ्या होतात. अशी शेळी खोकली की प्रत्येक खोकल्यासोबत जंतू बाहेर पडतात, आणि रात्री बंद गोठ्यात तिच्या शेजारी सगळा कळप दाटीवाटीने बसलेला असतो.

नुसतं बघून कळत नाही का?

बहुतेक वेळा नाही. खोकला, वाळत जाणं, अंगावरचे केस रखरखीत होणं, दूध आटणं ही लक्षणं दिसायला लागेपर्यंत रोग जुना झालेला असतो. शिवाय हीच लक्षणं देणारी कारणं डझनभर आहेत. जंत, पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग) होऊन गेल्यावर राहिलेला न्यूमोनिया, जोन्स रोग (आतड्याचा जुनाट, वाळवत नेणारा रोग), आणि साधी उपासमारसुद्धा.

मानेवर किंवा जबड्याखाली गाठ आली की लोक घाबरून ‘टीबीची गाठ’ म्हणतात. आपल्याकडे शेळ्यांत दिसणारी ती घट्ट, आत पांढरट-हिरवट पू असलेली गाठ बहुतेकदा वेगळ्याच जंतूची असते. त्या जंतूच्या शास्त्रीय नावात ‘स्यूडोट्यूबरक्युलॉसिस’, म्हणजे खोटा क्षय, असा शब्द असल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. अशी गाठ घरी फोडू नका. पू गोठ्यात सांडला की रोग कोणताही असो, तो पसरतो.

ही चाचणी नेमकी काय असते? रक्त का नाही घेत?

टीबीच्या जंतूंपासून काढलेलं शुद्ध प्रथिन, म्हणजे ट्यूबरक्युलिन पीपीडी, अगदी थोडं कातडीच्या थरात टोचतात. शेळीच्या शरीराची या जंतूशी आधी गाठ पडलेली असेल, तर तिच्या पांढऱ्या पेशी ते प्रथिन ओळखतात, त्या जागी गोळा होतात आणि कातडी जाड होते. हे व्हायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढी जाडी मोजायची, ही चाचणी.

ट्यूबरक्युलिन रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये औषध म्हणून जाहीर केलं होतं. औषध म्हणून ते फसलं. पण वर्षभरातच जनावरांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की रोगी गाय याला जोरदार प्रतिसाद देते, आणि तेव्हापासून ते निदानासाठी वापरात आहे. रक्ताची चाचणीही आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण तिला चांगली प्रयोगशाळा लागते आणि रक्त ताजं असतानाच तिथे पोचावं लागतं. कातडीची चाचणी तुमच्या गोठ्यातच होते.

दवाखान्यात माणसाची मॉन्टू टेस्ट करतात, तीच का ही?

तत्त्व तेच, माप वेगळं. माणसाच्या हातावर उठलेल्या कडक भागाची रुंदी मोजतात. शेळीत कातडीच्या घडीची जाडी मोजतात, तीही टोचण्याआधी आणि नंतर अशी दोनदा. माणसांसाठीचं ट्यूबरक्युलिन शेळीला वापरायचं नाही. जनावरांसाठीचं बोव्हाइन पीपीडी वेगळ्या जंतूपासून बनतं आणि त्याची ताकदही वेगळी असते. मेडिकलमधून मॉन्टूची बाटली आणून ‘तेच टोचा’ म्हणणारे भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

प्रत्यक्षात काय काय करतात?

पहिलं काम सुईचं नाही, वहीचं. प्रत्येक शेळीच्या कानात बिल्ला हवा. तीन दिवसांनी ‘ती काळी, पांढऱ्या कानाची’ म्हणून शोधायला गेलं, तर उस्मानाबादी कळपात तशा दहा निघतात.

एकाने शेळी दोन पायांत धरायची, मान स्थिर ठेवायची. मानेच्या मधोमध बाजूला किंवा खांद्याच्या फऱ्यावर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवरचे केस कात्रीने बारीक कापायचे. वस्तरा फिरवून कातडी खरचटवायची नाही. तिथे आधीच गाठ, जखम किंवा गोचिडाचा फोड असेल तर जागा बदलायची. मग कातडीची घडी दोन बोटांत धरून व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजायची आणि लगेच लिहायची, उदाहरणार्थ ‘बिल्ला ४७, उजवी, ३.१’. ‘नंतर लिहू’ म्हणून चालत नाही.

मात्रा ०.१ मिली. बारीक सुई कातडीला जवळजवळ आडवी धरून थरात घालायची. बरोबर टोचलं गेलं की बोटाला मुगाच्या दाण्याएवढा टणक फुगवटा लागतो. तो लागलाच पाहिजे. नाही लागला तर औषध कातडीखाली गेलं, आणि त्या जागेचा निकाल धरता येत नाही. अशा वेळी थोड्या अंतरावर पुन्हा टोचायचं आणि वहीत तशी नोंद करायची. चाचणी बिघडते ती बहुतेक या एका जागी. पन्नास शेळ्या उरकायच्या घाईत सुई खोल जाते, फुगवटा कुणी चाचपत नाही, आणि नंतर सगळा कळप निगेटिव्ह निघाला म्हणून पेढे वाटले जातात.

टोचल्यावर त्या जागी हळद, तेल, चुना, मलम काही लावायचं नाही.

७२ तासच का? दुसऱ्या दिवशी बघितलं तर?

पहिल्या दिवशी कधीकधी नुसती सुईची सूज असते. खरी प्रतिक्रिया हळूहळू चढते आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास टिपेला असते, नंतर उतरू लागते. म्हणून ७२ तास, फार तर चार तास इकडेतिकडे. सोमवारी सकाळी दहाला टोचलं तर गुरुवारी सकाळी दहाला मोजायचं. मोजणारा शक्यतो तोच डॉक्टर असावा आणि कॅलिपरही तोच, कारण घडी किती घट्ट दाबायची याचा प्रत्येकाचा हात वेगळा असतो.

म्हणजे डॉक्टरांना दोन फेऱ्या माराव्या लागतात. ती दुसरी फेरी आधी पक्की करा, मगच पहिली सुई टोचू द्या. न मोजलेली चाचणी ही न केलेल्यापेक्षा वाईट, कारण ट्यूबरक्युलिन वाया जातं आणि पुढचे सहा ते आठ आठवडे पुन्हा टोचून खात्रीचा निकालही मिळत नाही.

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तर चालेल का?

नाही. दोन मिलिमीटर आणि पाच मिलिमीटर यांतला फरक फोटोत दिसत नाही. काळ्या शेळीच्या कातडीवर तर काहीच दिसत नाही. बोटाने चाचपून आणि कॅलिपरने मोजूनच निकाल देता येतो.

आकडे कसे वाचायचे?

एकच ट्यूबरक्युलिन, म्हणजे बोव्हाइन, टोचलं असेल तर गाईगुरांसाठी ठरलेला नियमच शेळीला लावतात. जाडी २ मिमीपर्यंत वाढली आणि जागा शांत असेल तर निगेटिव्ह. २ ते ४ च्या मधे संशयास्पद. ४ मिमी किंवा जास्त वाढली तर पॉझिटिव्ह. आकडा कमी असला तरी ती जागा पाणथळ सुजली असेल, दुखत असेल, तिथून पाणी गळत असेल किंवा कातडी मेली असेल तर पॉझिटिव्हच धरायचं.

समजा ४७ नंबरची आधी ३.१ होती आणि गुरुवारी ३.६ भरली. फरक अर्धा मिमी, निगेटिव्ह. शेजारची २.९ वरून ८.४ वर गेली. फरक साडेपाच, पॉझिटिव्ह. संशयास्पद निघाली तिला वेगळी बांधायची आणि किमान ४२ दिवसांनी पुन्हा तपासायची. काही देशांत हे अंतर ६० दिवसांचं असतं.

कोंबड्यांचं ट्यूबरक्युलिन शेळीला कशाला?

एव्हियन पीपीडी, म्हणजे पक्ष्यांच्या टीबीच्या जंतूपासून केलेलं ट्यूबरक्युलिन. मातीत, पाण्यात, शेणात याच कुळातले बरेच जंतू असतात. त्यांच्याशी ओळख झालेली शेळीही बोव्हाइनला थोडी सुजते. आपल्याकडे याहून मोठा प्रश्न जोन्स रोगाचा आहे. त्याचा जंतू एव्हियनचा सख्खा भाऊ. ज्या कळपात पातळ हगवण लागून शेळ्या महिनोन्महिने वाळत जातात, तिथे नुसत्या बोव्हाइन चाचणीवर विसंबलात तर भलत्याच शेळ्या कापल्या जातील.

म्हणून तुलनात्मक चाचणी करतात. मानेच्या एका बाजूला एव्हियन, दुसऱ्या बाजूला बोव्हाइन. गाईच्या मोठ्या मानेवर दोन्ही एकाच बाजूला वर-खाली बसतात, शेळीच्या मानेवर तेवढी जागा नसते. कोणत्या बाजूला काय टोचलं हे सगळ्या कळपात एकच ठेवा. बोव्हाइनची वाढ एव्हियनच्या वाढीपेक्षा ४ मिमीहून जास्त असेल तर पॉझिटिव्ह, १ ते ४ असेल तर संशयास्पद. एव्हियनची बाजूच जास्त सुजली तर टीबीपेक्षा जोन्सकडे बोट जातं, आणि मग शेणाची तपासणी करायची.

याची दुसरी बाजूही आहे. जोन्स आणि टीबी दोन्ही असलेल्या शेळीत दोन्ही बाजू सुजतात, फरक कमी निघतो आणि खरी रोगी शेळी सुटते. म्हणून कळपात टीबी एकदा सिद्ध झाला की तुलनेची सवलत देऊ नये, बोव्हाइनचा आकडा एकटाच बघावा असं माझं मत आहे.

पॉझिटिव्ह म्हणजे नक्की टीबी? आणि निगेटिव्ह म्हणजे नक्की नाही?

दोन्हीला उत्तर ‘नाही’. ही चाचणी कळपाचं चित्र चांगलं दाखवते, एकट्या शेळीचं कमी खात्रीने.

नुकती लागण झालेली शेळी सुरुवातीचे काही आठवडे निगेटिव्ह येते. रोग फार पुढे गेलेली, हाडं वर आलेली शेळीही निगेटिव्ह येऊ शकते, कारण तिची प्रतिकारशक्ती इतकी थकलेली असते की ती सुजतच नाही. हे मालकांना पटत नाही, पण कळपातली सर्वांत धोकादायक शेळी हीच. म्हणून निकाल काहीही येवो, जी खोकते आणि वाळते तिच्याकडे वेगळं लक्ष द्या.

खात्रीसाठी रक्ताची इंटरफेरॉन गॅमा चाचणी आहे. टीबीचं प्रथिन ओळखल्यावर पांढऱ्या पेशी जो पदार्थ सोडतात, तो तिच्यात मोजतात. शेवटचा शब्द शवविच्छेदनाचा आणि त्यातून घेतलेल्या नमुन्यांचा. छातीतल्या लसिकाग्रंथी आणि फुप्फुस पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधायला) व कल्चरसाठी (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला) पाठवतात. कल्चरचा निकाल यायला दीड-दोन महिने लागू शकतात, हे जंतू फार सावकाश वाढतात. एखादी पॉझिटिव्ह शेळी कापली गेली तर डॉक्टर तिथे हजर असतील असं बघा. एका शेळीच्या फुप्फुसातून जेवढं कळतं तेवढं दहा चाचण्यांतून कळत नाही.

गाभण शेळीला टोचलं तर गाभडेल का?

नाही. ट्यूबरक्युलिनमध्ये जिवंत जंतू नसतो. त्याने रोग होत नाही, गाभ पडत नाही, दूध ओतून द्यावं लागत नाही. पण विण्याच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे प्रतिकारशक्ती मंदावते आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. व्यायला टेकलेल्या आणि ओल्या बाळंतिणी राहू द्या, त्यांची नोंद करा आणि दोन महिन्यांनी त्या वेगळ्या तपासा. दीड महिन्याखालच्या करडांनाही घेऊ नका.

डेक्सासारखं स्टिरॉइडचं इंजेक्शन नुकतंच दिलं असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याने सूज दबते. पीपीआर किंवा आंत्रविषाराची लस त्याच आठवड्यात नको. जोन्सची लस दिलेल्या शेळ्यांचा निकाल वाचणं अवघड होतं, तेव्हा ती माहिती आधीच द्या.

पॉझिटिव्ह आली. आता काय करायचं?

हा प्रश्न चाचणीनंतर नाही, चाचणीआधी विचारा. ‘पॉझिटिव्ह निघाली तर मी तिला काढणार का?’ याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ट्यूबरक्युलिनही वाया घालवू नका.

शेळीवर टीबीचे उपचार करत नाहीत. माणसाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, तोही रोज गोळ्या गिळून. गोठ्यात ते नीट होणार नाही. अर्धवट उपचाराने औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि ते सोसावे लागतात माणसांना.

मग राहतं ते वेगळं करणं आणि काढून टाकणं. वेगळं म्हणजे खरंच वेगळं. वेगळा आडोसा, वेगळी गव्हाण, वेगळं पाणी. त्याच गोठ्यात दुसऱ्या खुंट्याला बांधून काही होत नाही. महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे पॉझिटिव्ह गाईचं काय करायचं हा मोठा पेच असतो. शेळीला तो कायदा लागू नाही. ती मांसाची तपासणी होते अशा कत्तलखान्यात, डॉक्टरांना कळवून पाठवता येते.

बाजारात विकणं हा मार्ग नाही. चाकण किंवा लोणंदच्या बाजारातून ती दुसऱ्याच्या दावणीला जाईल, आणि सहा महिन्यांनी तिचीच पाट तुम्ही विकत आणाल.

२००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या केंद्रीय कायद्यात गाईगुरांचा टीबी यादीत आहे. यादीतल्या रोगाची शंका असेल तर कळवणं मालकाचं काम आहे. गोठ्यात गाईम्हशीही असतील तर त्यांचीही चाचणी करून घ्या, बऱ्याचदा उगम तिथेच असतो.

गोठ्यातल्या लेंड्या आणि खत आधी पूर्ण काढा, मग जंतुनाशक. घाणीवर ओतलेलं औषध वाया जातं. टीबीचा जंतू मेणचट आवरणाचा असतो, दुकानातलं पांढरं फिनाइल त्याला पुरेसं धरू नका. डॉक्टरांना विचारून फिनॉलवर्गातलं जंतुनाशक वापरा. छप्पर उघडता येत असेल तर उघडा, ऊन आणि वारा या जंतूला सोसत नाहीत.

दूध प्यायचं का?

उकळून, हो. पण पॉझिटिव्ह शेळीचं दूध विकू नका आणि घरातही वापरू नका. बाकी कळपाचं दूध चांगली उकळी आणून वापरा. डेअरीतलं पाश्चरायझेशन, ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटं, टीबीच्या जंतूला पुरतं. घरी एक खळखळून उकळी पुरे.

खरी अडचण पावसाळ्यात येते. डेंग्यूची साथ आली की ‘प्लेटलेट वाढतात’ म्हणून शेळीचं दूध शोधत शहरातले लोक गोठ्यावर येतात, वाटेल तो भाव देतात आणि कच्चंच हवं म्हणतात. शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात याला भक्कम पुरावा नाही. कच्च्या दुधातून टीबी आणि ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला लागणारा तापाचा रोग) होतो, याला मात्र आहे. आधीच तापाने खचलेल्या माणसाला कच्चं दूध पाजणं म्हणजे एका दुखण्यावर दुसरं विकत घेणं. गिऱ्हाईक रागावलं तरी ‘उकळून प्या’ हे सांगाच.

आम्ही घरच्यांनीही तपासून घ्यावं का?

कळपात टीबी सिद्ध झाला असेल आणि घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं किंवा मानेत गाठ असेल तर सरकारी दवाखान्यात जा. तिथे टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. डॉक्टरांना ‘आमच्या शेळ्यांत टीबी निघालाय’ हे आवर्जून सांगा. गाईगुरांचा जंतू पायराझिनामाइड या नेहमीच्या गोळीला जन्मतःच दाद देत नाही, त्यामुळे ही माहिती उपचारात कामाची असते.

उलटंही घडू शकतं. राखणदाराला उघडा टीबी (खोकल्यातून जंतू बाहेर पडणारा) असेल आणि तो शेळ्यांसोबत गोठ्यात झोपत असेल, तर त्याचा जंतू शेळीला लागू शकतो. त्याचं औषध सुरू करून द्या. त्याला कामावरून काढून टाकणं हा उपाय नाही.

विकणारा सर्टिफिकेट दाखवतो. पुरेसं आहे का?

कागदावर तीन गोष्टी बघा: बिल्ला नंबर, दोन्ही मोजमापं मिलिमीटरमध्ये, आणि टोचल्याची व मोजल्याची तारीख. ‘टीबी निगेटिव्ह’ एवढंच लिहिलेला शिक्का निरुपयोगी आहे. आणि एका बोकडाचा निकाल मागण्यापेक्षा तो ज्या कळपातून येतोय त्याचा निकाल मागा. आणलेलं जनावर वेगळं ठेवून दोन महिन्यांनी स्वतः चाचणी करून घ्या, मगच कळपात सोडा. पैदाशीच्या बोकडाला तर हे हवंच, तो सगळ्यांच्या अंगाला लागतो.

माझ्या चारच शेळ्या आहेत. मीही करू का?

दारात चार शेळ्या, सगळ्या घरच्याच पैदाशीच्या, धडधाकट, दूध घरात उकळूनच वापरता: तर नाही, तो खर्च जंताच्या औषधावर करा. पण दूध विकत असाल, गाईम्हशींसोबत एकाच गोठ्यात बांधत असाल, बाहेरून जनावरं आणत असाल, किंवा गेल्या वर्षभरात खोकून वाळून जनावर मेलं असेल तर करा.

चाचणी कुठे करून मिळेल?

आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. ट्यूबरक्युलिन प्रत्येक दवाखान्यात तयार नसतं, मागवावं लागतं. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ते बनवते. ते २ ते ८ अंशांत, अंधारात ठेवावं लागतं आणि गोठू द्यायचं नसतं, म्हणून मोटरसायकलच्या डिकीतून आलेली बाटली घेऊ नका, बर्फाच्या डब्यातून आली का ते बघा. शवविच्छेदनासाठी आणि नमुन्यांसाठी परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथली पशुवैद्यक महाविद्यालयं आणि पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे.

पुन्हा कधी करायची?

पॉझिटिव्ह शेळ्या काढल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी सगळा कळप पुन्हा. लागोपाठ दोनदा पूर्ण कळप निगेटिव्ह येईपर्यंत हेच चालू ठेवा, त्यानंतर वर्षातून एकदा. मधल्या काळात नवीन जनावर आणलं, तर त्याची वेगळी दोन महिन्यांची मुदत पूर्ण होईपर्यंत ते कळपात सोडू नका.